एमटीबी घ्यायला निघालाय? शॉकअप नंतर बघा, आधी ब्रेक दाबून बघा

रविवारी सकाळी सहा-साडेसहाला शहराबाहेरच्या एखाद्या टेकडीच्या पायथ्याला उभं राहिलं की दोन प्रकारच्या सायकली दिसतात. एक चकाचक असते. जाड टायर, पुढं-मागं शॉकअप, डोळ्यात भरणारा रंग आणि फ्रेमवर मोठ्या अक्षरांत 'एमटीबी'. दुसरी मातीनं माखलेली, रंग उडालेली असते आणि तिला बऱ्याचदा मागचा शॉकअपही नसतो.

गंमत अशी की दगडधोंड्यांच्या वाटेवर बिनधास्त जाते ती दुसरी. पहिली अर्ध्या चढातच हातात धरून न्यावी लागते. उतारावर तर तिचा मालक दोन्ही पाय जमिनीला घासत तिला थांबवायचा प्रयत्न करत असतो.

आता यात त्या पोराची चूक नाही. दुकानात त्याला जे दाखवलं ते त्यानं घेतलं. पण माउंटन बाइकसारखी दिसणारी सायकल आणि डोंगरात चालणारी सायकल यातला फरक कळला नाही, तर आधी खिसा रिकामा होतो आणि मग मनगट प्लास्टरमध्ये जातं.

हा फरक समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागतंय. अमेरिकेत, 1976 सालात.

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमध्ये फेअरफॅक्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या काही पोरांना एक नाद लागला होता. 1930-40च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली मिळवायच्या, त्यांचे मडगार्ड-बिडगार्ड काढून टाकायचे, त्या डोंगरावर चढवायच्या आणि कच्च्या रस्त्यानं सुसाट खाली सोडायच्या. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणायचे. आपल्या भाषेत खटारा.

या खटाऱ्यांना ब्रेक एकच, तोही मागच्या चाकाच्या हबमध्ये. पॅडल उलटं फिरवलं की तो लागायचा. उतार एवढा तीव्र होता की खाली पोहोचेपर्यंत हब भयंकर तापायचा, आतलं ग्रीस जळायचं आणि चाकातून धूर निघायचा. मग हब खोलून त्यात पुन्हा ग्रीस भरायचं, तेव्हा कुठं पुढची फेरी. ग्रीस परत भरणं म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक'. त्यावरून त्या उताराचंच नाव रीपॅक पडलं.

21 ऑक्टोबर 1976 ला या उतारावर पहिली शर्यत झाली. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण तेवढ्यात साधारण 400 मीटरची उतरण. पुढं गॅरी फिशर या पठ्ठ्यानं हा उतार 4 मिनिटं 22 सेकंदांत उतरण्याचा विक्रम केला. अंगात जीन्स, पायात बूट. बाकी सुरक्षा वगैरे रामभरोसे.

पुढच्या काही वर्षांत याच मंडळींनी सायकल बदलत नेली. पण ती कुठल्या क्रमानं बदलली ते बघा. आधी बदलले ब्रेक. हबच्या एका ब्रेकवर भागेना, म्हणून ड्रम ब्रेक आले, मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आले. चढ चढता यावा म्हणून गिअर बसले. जुन्या फ्रेम तुटायला लागल्या म्हणून 1977 मध्ये जो ब्रीझ यानं खास या कामासाठी फ्रेम बनवली. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' आली आणि कारखान्यात मोठ्या संख्येनं तयार झालेली माउंटन बाइक सामान्य माणसाला दुकानात मिळायला लागली.

आणि शॉकअप? पुढचा शॉकअप बाजारात रुळायला 1990च्या आसपासचा काळ उजाडला. म्हणजे जवळपास चौदा वर्षं लोक डोंगर उतरत होते ते शॉकअपशिवाय. ब्रेकशिवाय मात्र एक रविवारही निघाला नाही.

आपल्याकडच्या दुकानात सगळं उलटं चालतं. गिऱ्हाइकाला आधी शॉकअप दाखवतात, कारण तो दिसतो.

मग स्वस्तातल्या शॉकअपमध्ये नेमकी अडचण काय?

तर दहा-पंधरा हजारांच्या सायकलीतल्या शॉकअपमध्ये बहुतेक वेळा फक्त स्प्रिंग असते. दगडावर आपटल्यावर स्प्रिंग दबते, हे बरोबर. पण दबलेली स्प्रिंग तेवढ्याच जोरानं परत उसळते आणि हँडल हातातून उडवते. चांगल्या शॉकअपमध्ये हे उसळणं हळू करण्यासाठी आत तेलाची यंत्रणा असते. दुकानात हे ओळखायची साधी युक्ती आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर सगळं वजन टाकून ते खाली दाबा आणि सोडा. फोर्क 'ठक्' करून वर आला तर ती नुसती स्प्रिंग आहे. सावकाश, दम खात वर आला तर आत काहीतरी काम करतंय.

मागच्या स्वस्त शॉकअपचं तर विचारूच नका. सायकल जड होते आणि चढावर पायातली अर्धी ताकद ती स्प्रिंग दाबण्यात जाते. कमी बजेट असेल तर मागं शॉकअप नसलेली, म्हणजे हार्डटेल सायकल घेणं कधीही शहाणपणाचं.

अजून एक गोष्ट फार कमी लोक बघतात. बऱ्याच कंपन्यांच्या सायकलीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत 1 ते 5 पैकी एक आकडा दिलेला असतो. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची ही वर्गवारी. 1 म्हणजे फक्त डांबरी रस्ता. 2 म्हणजे कच्चा रस्ता, तोही चाकं जमिनीवरून 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलली जाणार नाहीत असा. खडबडीत पायवाट आणि साधारण 60 सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या सुरू होतात 3 पासून. जाड टायरच्या सायकलीवर 2 लिहिलेलं असेल तर कंपनीनं तिची मर्यादा आधीच सांगितलीय. उडी मारताना फ्रेम तुटली तर भांडायला जागा नाही.

आता मूळ मुद्दा, ब्रेक.

'डिस्क ब्रेक आहे' एवढं ऐकून लोक खूश होतात. पण डिस्कमध्येही दोन जाती आहेत. एक वायरची, दुसरी तेलाची. वायरच्या ब्रेकला हाताचा जोर जास्त लागतो. रस्त्यावर हे जाणवत नाही, पण घसाऱ्याच्या उतारावर सलग दहा मिनिटं लिव्हर दाबून धरलं की बोटं भरून येतात. नेमक्या वळणावर बोटांनी दगा दिला की संपलं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या ब्रेकला एक बोट पुरतं, बाकीच्या बोटांनी हँडल घट्ट धरता येतं. दोन सायकलींमध्ये निवड करायची वेळ आली आणि एकीला भारी गिअर, दुसरीला हायड्रॉलिक ब्रेक असतील, तर डोंगरात जाणाऱ्यानं दुसरी उचलावी.

पण इथं एक खास आपल्याकडचा घोळ होतो. ब्रेक सैल झाले की माणूस सायकल घेऊन जातो कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे. तो बिचारा मदत म्हणून मोटरसायकलचं ब्रेक ऑइल भरून देतो. ते असतं डॉट प्रकारचं. पण सायकलींच्या अनेक ब्रेकमध्ये, उदाहरणार्थ शिमानोच्या, मिनरल ऑइल लागतं. ही दोन तेलं एकमेकांची दुश्मन. चुकीचं तेल गेलं की आतले रबरी सील फुगतात आणि अख्खा ब्रेक निकामी होतो. कुठलं तेल लागतं हे बऱ्याचदा लिव्हरच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. दुरुस्तीला टाकण्याआधी तेवढं वाचून जायचं.

आणि हो, आपल्याकडं सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण बाहेरून आलेल्या सायकलीत तो डाव्या हाताला असू शकतो. मित्राची सायकल घेऊन उतारावर जाण्याआधी हे सपाटीवर तपासून घ्या. सवयीनं भलताच ब्रेक करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढं जातो.

टायरचा विषय त्यामानानं स्वस्त आहे, पण तिथंही सवय आडवी येते. हवा 'टाइट' भरायची आपल्याला हौस. डोंगरात कडक टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो, जमीन धरतच नाही. 65-70 किलोच्या माणसाला सव्वादोन-अडीच इंची ट्यूबलेस टायरमध्ये 22 ते 26 पीएसआय सहसा पुरतात, पुढं थोडी कमी, मागं थोडी जास्त. ट्यूब असेल तर अजून थोडी वाढवायची. नाहीतर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

ट्यूबलेस करायचं खरं कारण मात्र दगड नाही, काटा आहे. दख्खनच्या पठारावर बाभूळ आहेच, पण सायकलवाल्यांचा खरा शत्रू म्हणजे सराटा. शेताच्या बांधावर जमिनीलगत पसरणारं हे झुडूप. याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर असतंच. अमेरिकेतल्या सायकलवाल्यांनाही या सराट्यानं रडवलंय, तिथं त्याला बकऱ्याच्या डोक्याची उपमा देतात. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट नावाचं दुधासारखं द्रव असतं, ते अशी बारीक भोकं आतल्या आत बुजवतं. फक्त आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी चाक कानाजवळ धरून हलवायचं. आत खळखळ ऐकू आली नाही तर नवीन भरायचं.

यासोबत एक पितळी अडॅप्टर खिशात असलाच पाहिजे. चांगल्या एमटीबीला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही. पन्नास हजारांची सायकल हातात धरून सात किलोमीटर चालत आलेले लोक हा अडॅप्टर नंतर कधीच विसरत नाहीत.

हेल्मेटबद्दल फार बोलायची गरज नाही, ते लागतंच. एवढंच की आतला फोम एकदाच मार खाण्यासाठी बनलेला असतो. जोरात आपटल्यावर वरून धड दिसलं तरी ते बदलायचं. आणि सायकलसाठीच्या सीपीएससी किंवा ईएन 1078 या मानकाचं लेबल आत आहे का ते बघायचं.

सायकल आली, हेल्मेट आलं. इथून खरा संसार सुरू होतो.

नाद लागलेल्या माणसाचा आठवडा सायकलभोवती फिरतो. राइड तीन तासांची, त्यानंतरची धुलाई एक तासाची. सोसायटीच्या नळावर बादली, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश आणि वॉचमनची नाराजी. गाड्या धुवायच्या सेंटरला नेलं तर जोरदार फवाऱ्यानं चिखलाबरोबर बेअरिंगमधलं ग्रीसही निघून जातं, म्हणून हातानंच धुवायची. चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये ती हॉलच्या भिंतीला टांगलेली असते आणि आलेला प्रत्येक पाहुणा किंमत विचारतो. आकडा कळला की पुढचं वाक्य ठरलेलं, "एवढ्यात तर ॲक्टिव्हा आली असती की!"

पावसाळा म्हणजे सगळ्यात सुंदर राइडचे आणि सगळ्यात मोठ्या बिलाचे महिने. लाल चिखल म्हणजे पॉलिश पेपरच. तो ब्रेकचे पॅड घासून काढतो. त्यातही रेझिनचे मऊ पॅड पटकन संपतात, धातूमिश्रित सिंटर्ड पॅड जास्त टिकतात, पण ओरडतात. शिवाय ते आपल्या डिस्कला चालतात का हे डिस्कवर लिहिलेलं वाचूनच घ्यायचे. पॅडवरचा थर मिलिमीटरभर उरला की नवीन घ्यायचे, 'एवढी एक राइड होऊ दे' म्हणायचं नाही.

चेनचंही तसंच. 24 कड्यांचं अंतर, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतं. टेपनं मोजल्यावर दीड मिलिमीटर जास्त भरलं की चेन बदलायची. टाळाटाळ केली तर ती मागच्या कॅसेटचे दात खाते आणि कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग पडते.

घरच्यांशीही एक करार लागतो. सह्याद्रीत दरीत उतरलं की मोबाइलला रेंज नाही. म्हणून कुठल्या वाटेनं जाणार, कितीपर्यंत परत येणार, हे सांगून निघायचं आणि शक्यतो एकट्यानं जायचं नाही. वाटेत चालणारी माणसं, गुरं यांना आधी जाऊ द्यायचं. ती वाट आधी त्यांची आहे.

बजेटचं म्हणाल तर हायड्रॉलिक ब्रेक आणि बरा शॉकअप असलेल्या नव्या हार्डटेलसाठी पन्नास हजारांच्या आसपास किंवा पुढं जावं लागतं. त्यामुळं बरेच जण सेकंड हँड बघतात, आणि ते चुकीचं नाही. फक्त घेताना फ्रेमचे सगळे जोड नखानं चाचपून बघायचे, रंगाखाली केसाएवढी चीर लागली तर सौदा तिथंच सोडायचा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं ढकलायची. हँडलखाली खडखड जाणवली तर हेडसेट सैल झालाय किंवा बेअरिंग गेलंय, ते खोलून दाखवा म्हणायचं. आणि ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला जाऊन टेकत असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी मेकॅनिकला विचारायचा, मगच किमतीवर बोलायचं.