तिसरीच्या ग्रुपवरचा शनिवारचा मेसेज वाचायचा कसा?

(या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत, काही राहिलेत.)

विषय ऐकून काही जण म्हणतील, आम्हाला अजून मुलंबाळं नाहीत, तिसरीच्या पालकांच्या ग्रुपशी आमचा काय संबंध? आहे ना संबंध. प्रत्येक घरात 'मोबाइलमधलं कळणारा' एक माणूस असतो. मामा, काका, आत्या, मावशी, कोणीतरी. ताई स्क्रीनशॉट पाठवते आणि म्हणते, "अरे, हे बघ ना जरा, काय काय द्यायचंय?" माझ्याकडे हा स्क्रीनशॉट जूनपासून दर शनिवारी येतोय. ताई साताऱ्याला असते, भाचा तिसरीत आहे.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की दुपारपर्यंत बाईंचा मेसेज पडतो. साधारण असा:

"नमस्कार पालकहो. या आठवड्यात मराठीत नवीन पाठ वाचला, जोडाक्षरांचे शब्द घेतले. गणितात तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी झाली. परिसर अभ्यासात दिशा व आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहिला. सोमवारी पुठ्ठा, डिंक व जुनी वर्तमानपत्रे पाठवणे. बुधवारपर्यंत आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी. शुक्रवारी 11 वाजता पालकसभा."

त्याखाली चाळीस वेळा 'धन्यवाद मॅडम', हात जोडलेले इमोजी आणि कुणाचा तरी वाढदिवस. संध्याकाळी मूळ मेसेज शोधायला अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करायचं. ताईचा पुठ्ठा दोनदा विसरला, भाचा रडत घरी आला. मग मी म्हटलं, थांब, याचं मी काहीतरी करतो.

आता इंजिनिअर माणूस 'काहीतरी करतो' म्हणाला की घरच्यांनी सावध व्हायला हवं. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ताईने मेसेज कॉपी करून एका शीटमध्ये टाकायचा, स्क्रिप्ट त्यातले वार आणि तारखा शोधणार आणि ताईच्या कॅलेंडरमध्ये आदल्या रात्री आठची आठवण लावणार. ज्या ओळीत वार किंवा तारीख नाही, ती ओळ सोडून द्यायची. ही अट मीच लिहिली होती. फार विचार नव्हता केला.

आणि ते मस्त चाललं! जुलै ते दिवाळीपर्यंत एक पुठ्ठा चुकला नाही. पालकसभेत बाईंनी ताईचं कौतुक केलं. मी ऑफिसात ही गोष्ट दोन-तीन जणांना ऐकवलीसुद्धा.

दिवाळीत साताऱ्याला गेलो. भाच्याने मराठीचा धडा वाचून दाखवला, खडाखडा. पुस्तक मिटलं तरी तो वाचतच होता, तेव्हा मला शंका आली. म्हणून दिवाळी अंकातलं मुलांचं पान समोर धरलं. पहिल्या ओळीतच गाडी अडली. 'स्वच्छ' शब्दाशी तो बराच वेळ थांबला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, हे पुस्तकात नाहीये."

ताई गप्प झाली. मीही. मी जुने मेसेज काढून बघितले. जोडाक्षरं शिकवल्याचं बाईंनी चार वेळा लिहिलं होतं. एकदा तर 'घरी थोडे वाचन घ्यावे' असंही होतं. त्या ओळींत वार नव्हता, तारीख नव्हती, म्हणून माझ्या स्क्रिप्टने त्या सगळ्या टाकून दिल्या होत्या. खरं सांगायचं तर स्क्रिप्टच्या आधीही त्या कोणी वाचत नव्हतं. मी फक्त ते ऑटोमॅटिक केलं.

या मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. आठवण चुकली तर सोमवारी सकाळीच कळतं, मूल रडतं, बाई बोलतात. 'काय शिकवलं' हे चुकलं तर कुणी काही बोलत नाही. महिना जातो, सहामाही जाते. आमच्याकडे सर्व्हरचेही असेच दोन प्रकार असतात. जो बिघाड ओरडतो तो लगेच दुरुस्त होतो, आणि जो गुपचूप डेटा खात बसतो तो महाग पडतो.

आणि यात तिसरीलाच एवढं महत्त्व का? तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं, आणि त्यानंतर वाचून शिकायचं असतं. चौथी-पाचवीत गणितसुद्धा शाब्दिक उदाहरणांतून येतं. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं, त्याचं लक्ष्यच हे आहे की 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपताना पायाभूत वाचन आणि गणित यावं. त्यांचं माप असं: न वाचलेला, वयाला साजेसा मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थ समजून. आणि 9999 पर्यंतच्या संख्या. 'न वाचलेला' हा शब्द बघा. भाचा नेमका तिथेच अडकला होता. आणि तो एकटा नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' 2024 पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी 27.1 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला.

बरं, मग त्या शिकवल्याच्या ओळींचं करायचं काय? पहिली गोष्ट, "शाळेत काय शिकवलं?" हे विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "काही नाही." ओळीचं काम बनवा, दहा मिनिटांचं.

हातच्याची वजाबाकी घ्या. 402 वजा 157. मुलं इथे हमखास आपटतात, कारण मधे शून्य आहे, दशकाकडे उसनं मागायला गेलो तर तोच कफल्लक. पाटीवर समजावू नका, पैसे घ्या. खेळातल्या नोटाही चालतील. शंभराच्या चार नोटा आणि एकेकची दोन नाणी. आता दुकानदाराला 157 द्यायचेत. सात नाणी हवीत, आहेत दोन. दहाची नोट मोडावी तर ती नाहीच. मग शंभराची एक मोडा, दहाच्या दहा नोटा आल्या. त्यातली एक मोडा, दहा नाणी आली. आता हातात काय आहे? शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, नाणी बारा. बेरीज केली तर अजूनही 402 च. त्यातून एक, पाच आणि सात काढा, राहिले 245. शून्याच्या डोक्यावर नऊ का लिहितात, ते भाच्याला इथे कळलं. मला वाटतं, मलाही पहिल्यांदाच नीट कळलं. लहानपणी आम्ही नुसतं 'शून्याचे नऊ' म्हणत होतो.

एक सावधगिरी. घरची पद्धत आणि शाळेची पद्धत वेगळी असू शकते. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? दोन्ही बाजूंनी कोणी काहीही म्हणो, त्यात मुलाचं डोकं पिकू नये. बाईंनी कसं शिकवलंय ते आधी मुलाकडूनच ऐका, मग आपलं शहाणपण सांगा.

दिशांचं तर गच्चीवरच होतं. सकाळी ऊन जिकडून येतं तिकडे कोरेगाव, पाठीमागे कास, उजव्या हाताला कराड, डाव्या हाताला वाई. झाला नकाशा.

वाचनाला मात्र रोज वेळ द्यावा लागतो. मजकूर नवा हवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. आठवड्यातून एकदा फोनचं घड्याळ लावून एक मिनिट मोजा, रोज नको, नाहीतर मूल धावायला लागतं. आणि वाचून झालं की "मग पुढे काय झालं असेल?" एवढं विचारा. अर्थ कळलाय की नाही ते लगेच समजतं.

फोनचं काम दोन मिनिटांचं आहे. मेसेजवर बोट दाबून धरा, पिन करा, 7 दिवस निवडा. ग्रुप ॲडमिनला विनंती करा की फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील अशी सेटिंग लावा, गप्पांसाठी दुसरा ग्रुप असू दे. आमच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस रुसवेफुगवे झाले, पण झालं.

एक गोष्ट मात्र सेटिंगने सुटत नाही. भाच्याच्या वर्गात एका मुलाचे वडील ट्रक चालवतात. घरात फोन एकच, तो त्यांच्याबरोबर फिरतो. घरी पोचतो तेव्हा मूल झोपलेलं. आई आणि आजी घरात आहेत, आजीला वाचता येत नाही. माझी स्क्रिप्ट त्यांच्या काय कामाची? ताईने हे बाईंच्या कानावर घातलं. बाई म्हणाल्या, "अहो, मला वाटायचं सगळे बघतात." आता त्या आठवड्याची एकच ओळ फळ्यावर लिहितात आणि मुलं ती वहीत उतरवतात, प्रश्न म्हणूनच: 'घरी 402 रुपयांतून 157 देऊन दाखव.' ग्रुपवर तीच ओळ त्या आवाजातही टाकतात. वीसेक सेकंदांची.

स्क्रिप्ट मी काढून नाही टाकली. उलटी केली. वार नसलेल्या ओळी आता आधी येतात, रविवारी सकाळी दहाला, ताईच्या आणि माझ्या दोघांच्या फोनवर. मी व्हिडिओ कॉल लावतो. भाचा अजून जोडाक्षराशी थांबतो, पण आता माझ्याकडे बघत नाही, पुटपुटत फोड करतो. मागच्या रविवारी 'उष्ण' तीनदा चुकला आणि चौथ्यांदा आला.

परवाच्या मेसेजमधली पहिली ओळ आहे, 'गुणाकाराची ओळख झाली.' नोटा काढून ठेवल्यात.