शिडाचं कापड

जिनिंगवर रुईचा पुंजका हाती आला की यवतमाळकडचा जुना पारखी तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो. धागा किती लांब, किती चिवट, ते त्याच्या बोटांना कळतं. कापसाच्या घरात वाढल्यामुळे ही खोड मलाही लागली आहे. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होडीत बसले, तेव्हा किल्ल्याआधी माझं लक्ष गेलं ते शिडाकडे.

ते शीड तिकोनी, परबाण म्हणतात त्या लांब तिरक्या काठीला बांधलेलं. एकाच बाजूनं येणाऱ्या वाऱ्यावर असं शीड सुरेख ओढतं. पण बाजू बदलायची तर अख्खं परबाण डोलकाठीच्या पलीकडे न्यावं लागतं आणि त्याला हात लागतात. एकट्यानं चालवायच्या लहान लाकडी होडीला म्हणूनच मला गॅफचं चौकोनी शीड जास्त पटतं. अमेरिकेतल्या केप कॉडच्या कॅटबोटीला ते असतं. डोलकाठी अगदी नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, शीड एकच. वरची कड गॅफ या तिरक्या काठीला, खालची बूम या आडव्या काठीला. होडी वळली की शीड आपणहून दुसऱ्या बाजूला जातं. गॅफ चढवायला दोन दोर: एक डोलकाठीकडचं टोक उचलतो, दुसरा बाहेरचं. बाहेरचा सैल राहिला तर डोलकाठीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे तिरकी सुरकुती पडते. ती दिसली की दोर आणखी ओढायचा.

एकच असल्यामुळे हे शीड मोठं असतं. वारा चढला की ते होडीचं तोंड वाऱ्याकडे फिरवू लागतं, सुकाणू जड होतं. म्हणून शीड लहान करून बांधायच्या दोऱ्यांच्या दोन ओळी तरी त्यावर हव्यातच.

पण खरी निवड कापडाची. 1851 साली ‘अमेरिका’ या नौकेनं वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली. इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची, फुगणारी. तिची यंत्रावर विणलेल्या सुताची, सपाट.

सुती शिडाला सांभाळावं फार लागतं. नवं शीड कोरड्या दिवशी, मंद वाऱ्यात हळूहळू ताणू द्यायचं. पहिल्याच दिवशी जोर लावला तर ते बेढब ताणतं आणि पुन्हा सरळ होत नाही. पावसात भिजलेलं तसंच गुंडाळलं की बुरशी धरते. पॉलिएस्टरच्या शिडाला उन्हाचा त्रास आहे, पण बुरशी त्याचा धागा खात नाही. कोणतंही कापड घेताना ते तिरकं ओढून पाहावं. फार लांबलं तर ते शिडाचं नव्हे.

कापसावर माझं प्रेम आहे, तरी कोकणच्या दमट हवेत रोज पाण्यात जाणाऱ्या होडीला मी पॉलिएस्टरच सुचवेन. सुती शीड त्यानंच घ्यावं, ज्याला ते दर वेळी वाळवून ठेवायला सवड आहे.