घर बदलताना फोन, इंटरनेट आणि टीव्ही

घर बदलायचे ठरले की भांड्यांची मोजदाद होते, कपाटे रिकामी केली जातात, दूध आणि वर्तमानपत्र कोण टाकणार याची चौकशी होते. फोन, इंटरनेट आणि टीव्हीचा विचार मात्र बहुधा नव्या घरात पहिला मुक्काम पडल्यावरच होतो. तोवर मुलांचा अभ्यास खोळंबलेला असतो आणि परगावच्या लेकीचा व्हिडिओ कॉल लागत नसतो. बारामती आणि इंदापूर यांच्यात अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. कोणी निवृत्तीनंतर वालचंदनगरची वसाहत सोडून बारामतीत घर घेतो, तर कोणी व्यापारासाठी इंदापुरात बिऱ्हाड हलवतो. एवढ्याशा अंतरातही या सेवांचे गणित बदलते.

पहिला प्रश्न लँडलाइनचा. बारामतीचा एसटीडी संकेतांक ०२११२, तर इंदापूरचा ०२१११. फरक एकाच आकड्याचा. पण पेढीच्या पाटीवर आणि नातलगांच्या वह्यांत वर्षानुवर्षे असलेला क्रमांक त्यामुळे दुसऱ्या गावी नेता येत नाही. घर त्याच गावात, त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत बदलले, तर मात्र तो कायम राहण्याची शक्यता असते. म्हणून जुनी जोडणी तोडण्यापूर्वी एक्स्चेंजमध्ये विचारपूस करावी आणि नवा क्रमांक आप्तेष्टांना आधीच कळवावा.

मोबाइलचे तसे नाही. दोन्ही तालुके एकाच दूरसंचार परिमंडळात येतात, त्यामुळे क्रमांक आपोआप टिकतो. प्रश्न असतो तो नव्या घरातील रेंजचा. करार करण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे फोन घेऊन त्या घरी जावे आणि स्वयंपाकघरातून, आतल्या खोलीतून, तळमजल्यावरून बोलून पाहावे. गच्चीवरची रेंज घरात मिळेलच असे नाही. कंपनी बदलावी लागली, तरी क्रमांक बदलण्याचे कारण नाही. जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द, त्यापुढे जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवला की एक कोड मिळतो. तो नव्या कंपनीला दिल्यावर परिमंडळातल्या परिमंडळात साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात, तो क्रमांक खात्यातील नोंद बदलण्यापूर्वी बंद करू नये. बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.

इंटरनेटबाबत जाहिरातीपेक्षा शेजारी अधिक खरे बोलतात. शहरात अमुक कंपनीची सेवा आहे, एवढ्याने आपल्या इमारतीपर्यंत तिची फायबर आली आहे असे होत नाही. ‘संध्याकाळी आठनंतर वेग कसा असतो? रस्त्याच्या खोदकामात तार तुटली तर दुरुस्तीला किती दिवस लागतात?’ हे दोन प्रश्न शेजाऱ्यांना विचारले की निम्मा निर्णय होतो. जुन्या घरी वर्षभराचे पैसे आगाऊ भरले असतील, तर तीच सेवा नव्या पत्त्यावर मिळेल का, हे लेखी विचारावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तांब्याच्या तारेवरील जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे. घरात अंधार झाला तरी साधा फोन चालू राही. फायबरवरील फोन मात्र घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की मोडेम बंद आणि फोनही बंद. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर मोडेमसाठी छोटा बॅटरी बॅकअप घेणे हा अनाठायी खर्च नव्हे.

टीव्हीसाठी केबल, डीटीएच आणि फायबर असे पर्याय आहेत. डीटीएचची छत्री उपग्रहाकडे रोखावी लागते आणि आपल्या भागातून ती दिशा दक्षिण आणि पूर्व यांच्यामध्ये, म्हणजे ढोबळमानाने आग्नेयेला येते. वास्तुशास्त्र मानणारे आग्नेयेला स्वयंपाकघर पाहतात. छत्री बसवणारा तिकडे उंच इमारत किंवा झाड आड येत नाही ना, ते पाहतो. फ्लॅटमध्ये गच्चीवर छत्री लावण्याची परवानगी सोसायटीकडून आधीच घ्यावी. फेब्रुवारी २०१९ पासून प्रेक्षकाला हव्या त्या वाहिन्या एकेक करून निवडता येतात. घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची यादी केली, तर ती बहुधा फार लांबत नाही. सह्याद्री आणि बातम्या एवढेच पाहिले जात असेल, तर दूरदर्शनच्या मासिक शुल्क नसलेल्या फ्री डिशचाही विचार करावा.

जुनी जोडणी बंद करताना मोडेम आणि सेट-टॉप बॉक्स परत केल्याची पावती घ्यावी, अनामत रकमेची मागणी लेखी करावी. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक टिपून ठेवावा. कंपनीच्या तक्रार केंद्रात दाद लागली नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगातही चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

सामान लागले, टीव्ही सुरू झाला, की एक काम उरते. आजी-आजोबांच्या पलंगाजवळ नवा क्रमांक, नवा पत्ता आणि शेजाऱ्यांचा फोन ठळक अक्षरांत लिहून लावावा. नव्या गावात त्यांचा आधार बराच काळ तो कागदच असतो.