'अँड', 'बट', 'ऑर' : लहान शब्दांचा मोठा कारभार

इंग्रजीतील अवघड शब्दांचा धाक आपण सगळेच बाळगतो. 'अँड', 'बट', 'ऑर' यांच्याकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. मराठी व्याकरणात ज्यांना प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यये म्हणतात, त्यांच्याच जातीचे हे शब्द. इंग्रजीत ते सात मोजण्याची पद्धत आहे : अँड, बट, ऑर, नॉर, फॉर, येट आणि सो.

त्यांचा मुख्य नियम असा की, जोडायचे ते समान दर्जाचे हवे. नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद, स्वतंत्र वाक्याला स्वतंत्र वाक्य. 'ही लाइक्स रीडिंग अँड टु स्विम' हे म्हणूनच कानाला खटकते. 'रीडिंग अँड स्विमिंग' म्हणावे. 'नॉर'ने वाक्य जोडले की पुढचा क्रम उलटतो : 'ही डिड नॉट राइट, नॉर डिड ही कम.'

आपली खरी अडचण मातृभाषेतून येते. मराठीत 'जरी'मागून 'तरी' येते, म्हणून आपण 'दो ही वॉज इल, बट ही केम' असे लिहून मोकळे होतो. पण 'दो'ने पहिले वाक्य गौण केल्यावर, बरोबरीच्यांना जोडणारा 'बट' तेथे कशाला? दोहोंपैकी एकच ठेवावा. उलट, 'घरी जाऊन जेवला' किंवा कन्नडमधील 'मनेगे होगि ऊट माडिद' यांत जोडणारे अव्यय लागतच नाही. इंग्रजीत मात्र 'ही वेंट होम अँड एट' हेच सहज वाटते.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, ज्या कामांना जादा वेळेचे वाढीव वेतन लागू नाही अशा कामांची यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. येथे 'ऑर'ने काय जोडले? 'शिपमेंट' व 'डिस्ट्रिब्यूशन' ही दोन नामे, की 'पॅकिंग' व 'डिस्ट्रिब्यूशन' ही दोन स्वतंत्र कामे? दुसरा अर्थ घेतला तर माल पोचवणारे चालक वाढीव वेतनाला मुकत होते. ओकहर्स्ट डेअरीच्या चालकांनी दावा लावला. यादीतील कामे 'पॅकिंग'सारखी 'इंग'ने संपणारी, 'डिस्ट्रिब्यूशन' मात्र 'शिपमेंट'च्या पंक्तीतले, हा त्यांचा एक मुद्दा. शिवाय 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नव्हता. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, 'अँड' लिहिण्यापूर्वी त्याच्या उजव्या-डाव्या बाजूंस कोण उभे आहे, हे एकदा पाहून घ्यावे. दोघे बरोबरीचे असतील, तरच त्यांचे हात एकमेकांच्या हाती द्यावेत.