गर्दी वाढली, आकडा घटला

चौकात दुभाजकावर खुर्ची टाकून बसलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. मांडीवर पॅड, हातात पेन, गाडी गेली की एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. रिक्षांचा रकाना वेगळा, बसचा वेगळा. त्या रेघांतून ‘या रस्त्यावर ताशी इतकी वाहनं’ असा आकडा निघतो. आकडा खरा असतो, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

दुपारी रस्ता मोकळा असताना मिनिटाला दहा गाड्या जातात, कारण येतातच तेवढ्या. संध्याकाळी सातला पुढचा चौक तुंबतो, रांग मागे सरकत येते, तरी दहाच जातात, कारण पुढे जागा नसते. वहीत दोन्ही वेळा दहाच रेघा. पार कोंडी झाली तर आठ. मोजणाऱ्याच्या पाठीमागे हॉर्नचा कल्लोळ आणि कागद म्हणतो, आज वर्दळ कमी आहे!

माणसाच्या जागी यंत्र बसवलं तर? जुनं आणि अजून टिकून असलेलं एक यंत्र म्हणजे रस्त्यात पुरलेली तार. डांबरात करवतीने चर पाडून तिचं वेटोळं बसवतात आणि चर बुजवतात. तारेतून वीज खेळत असते. गाडीचं धातूचं पोट वर आलं की वेटोळ्याचा विद्युत गुणधर्म किंचित बदलतो आणि कडेच्या पेटीत नोंद होते. ही तार रेघ तर मारतेच, शिवाय गाडी तिच्यावर किती वेळ होती हेही सांगते. दुपारच्या दहा धावत्या गाड्या मिळून तिला मिनिटातले पाच-सहा सेकंद झाकतात. संध्याकाळच्या दहा गाड्या जवळजवळ पूर्ण मिनिट. वहीतला घोळ इथे उलगडतो.

वेगाचाही असाच चकवा आहे. एक किलोमीटर ताशी ६० ने आणि पुढचा एक ताशी २० ने गेलात, तर सरासरी ४० येत नाही, ३० येते. कारण हळू चाललेल्या तुकड्याने वेळ जास्त खाल्लेला असतो. एका जागी उभं राहून मोजलेला सरासरी वेग आणि रस्त्याच्या अख्ख्या लांबीवरचा सरासरी वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाहतूक-संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये नीट मांडून दाखवलं. शहरातल्या मुख्य रस्त्यावर हा फरक फार बोचतो. टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं लागतात, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. दोन चौकांच्या मध्ये तीच गाडी चाळीसने पळालेली असते. बाकीचा वेळ ती उभी असते, सिग्नलपाशी.

मग मोजायचं ते हे उभं राहणं. या कामात अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने, तिथल्या पर्ड्यू विद्यापीठाने आणि प्राध्यापक डार्सी बुलॉक यांच्या चमूने मोठी मजल मारली. सिग्नल चालवणाऱ्या पेटीला त्यांनी रोजनिशी लिहायला लावली: हिरवा कधी लागला, लाल कधी, तारेवर गाडी कधी आली, कधी गेली. प्रत्येक नोंद सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. त्या नोंदींतून एक देखणा आलेख निघाला. आडव्या अक्षावर दिवसाची वेळ, उभ्या अक्षावर सिग्नलची एक फेरी, लाल लागल्यापासून पुन्हा लाल लागेपर्यंत. थांबरेषेच्या शंभरेक मीटर अलीकडच्या तारेवर आलेली प्रत्येक गाडी म्हणजे एक ठिपका. ठिपका हिरवा लागल्याची वेळ दाखवणाऱ्या हिरव्या रेषेच्या वर असेल तर गाडी हिरव्यात पोचली, खाली असेल तर लालमध्ये अडकली.

मला या आलेखाचं कौतुक वाटतं ते त्यातल्या जथ्यांमुळे. आधीच्या चौकातून सुटलेल्या गाड्या एकत्र येतात, म्हणून ठिपक्यांचे ढग दिसतात. एखादा दाट ढग हिरव्या रेषेच्या नेमका खाली लटकत असेल, तर तो अख्खा जथा काही सेकंद लवकर पोचून ब्रेक दाबतो आहे. अशा वेळी रस्ता रुंद करायची किंवा उड्डाणपूल बांधायची गरज नसते. हिरवा थोडा अलीकडे ओढायचा. बदल लागू पडला का, हे पडताळायला गाड्यांतल्या फोनचे ब्लूटूथ संकेत रस्त्याच्या दोन टोकांना टिपून प्रवासाचा खरा वेळ काढला गेला.

हिरवा पुरला की नाही, हेही कळतं. थांबरेषेवरची तार हिरव्यातला सुमारे ८० टक्के वेळ झाकलेली राहिली आणि लाल लागल्यावरच्या पहिल्या पाच सेकंदांतही तशीच राहिली, तर रांग संपलीच नाही असं समजतात. युटा राज्याने अशा आलेखांची संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. तक्रारीचा फोन येण्याआधीच बिघडलेला चौक पडद्यावर दिसू लागला.

आपल्याकडे ही तार अवघडते. ती गृहीत धरते की एका पट्ट्यात एका मागे एक गाडी येईल. आपल्या चौकात बसच्या डावीकडून दोन स्कूटर, मधून रिक्षा, आणि थांबरेषेच्या पुढे दुचाक्यांचा वेगळाच मेळा. शिवाय जलवाहिनीसाठी रस्ता खोदला की तारही उखडते. म्हणून आपला भर कॅमेऱ्यांवर. पण मुसळधार पावसात त्यांची दृष्टी मंदावते आणि बसच्या आडची स्कूटर त्यांना दिसत नाही. भारतीय रस्त्यांवरची ही सरमिसळ लक्षात घेऊन केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने ‘इंडो-एचसीएम’ (२०१७) ही रस्त्यांच्या क्षमतेवरची स्वतंत्र पुस्तिका काढली, आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने ‘कॉसिकॉस्ट’ ही सिग्नलप्रणाली घडवली.

इंडियाना-युटाच्या पेट्यांत आणखी एक नोंद असते: पादचाऱ्याने बटण कधी दाबलं आणि त्याला चालण्याचा दिवा कधी मिळाला. या दोन वेळांतलं अंतर म्हणजे त्याचं ताटकळणं. आपल्या बहुतेक चौकांत ते बटणच नाही. तिथे पिशव्या घेऊन दुभाजकावर उभ्या असलेल्या आजींची मिनिटं खुर्चीवरच्या पोराच्या वहीतही नसतात आणि कॅमेऱ्याच्या रकान्यांतही.