स्वस्त निविदेची खरी किंमत पावसाळ्यात

नवी मुंबई, प्रतिनिधी : महापालिकेने पंप, जलशुद्धीकरणाची रसायने किंवा डिझेल कोणत्या अटींवर खरेदी केले, याची चौकशी नागरिक एरवी करीत नाहीत. अतिवृष्टीच्या दिवशी मात्र शहराची सारी भिस्त याच खरेदीवर असते. हवामान बदलामुळे असे दिवस वाढण्याची चिन्हे असताना सरकारी खरेदीचे निकष तपासणे गरजेचे झाले आहे.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसला आहे. त्यासाठी सिडकोने धारण तलावांची योजना केली. भरतीच्या वेळी झडपा बंद होऊन खाडीचे पाणी अडते, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागताच बाहेर पडते. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास तलाव भरतात. मग उपसा पंपांखेरीज पर्याय उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, रस्ते व लोहमार्ग ठप्प झाले. अशा वेळी सुटे भाग मागविले, तरी ते पोहोचणार कसे?

लघुत्तम दराची मर्यादा

प्रचलित पद्धतीत तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांपैकी सर्वात कमी दराच्या निविदाकारास काम मिळते. या दरात पंपाचा वीजखर्च, दुरुस्ती आणि ऐनवेळी तो बंद पडल्यास होणारे नुकसान बहुधा धरले जात नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक कामांसाठी गुणवत्तेला कमाल ३० टक्के भारांक देण्याची मुभा दिली. महापालिकांनाही हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

दुसरा प्रश्न दैवी आपत्तीच्या कलमाचा. कोरोनामुळे पुरवठा साखळी विस्कळित झाल्यास हे कलम लागू करता येईल, असे अर्थ मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्ट केले होते. ते संकट अनपेक्षित होते. कोकणातील अतिवृष्टीला मात्र अनपेक्षित म्हणता येणार नाही. किती पावसापर्यंत पुरवठादाराची जबाबदारी कायम राहील, हे करारातच नमूद हवे.

पाण्याच्या बाबतीत शहराने दूरदृष्टी दाखविली. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण महापालिकेने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले. परंतु धरण मालकीचे असले, तरी पाणी शुद्ध करणारी रसायने बाहेरूनच येतात. याच तालुक्यात जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराळ भागातील रस्ते पावसात किती बेभरवशाचे ठरू शकतात, याचा हा इशाराच होता.

उपाय फार खर्चिक नाहीत. मागणी दोन पुरवठादारांत विभागावी, त्यांची गोदामे वेगवेगळ्या मार्गांवर असावीत, पावसाळ्यापूर्वी साठ्याची प्रत्यक्ष मोजणी व्हावी आणि विलंबाचा दंड पावसाळी महिन्यांत अधिक असावा. यामुळे दर थोडे वाढतील. तो बोजा करदात्यांवरच पडणार असल्याने वाढीव रकमेतून कोणती जोखीम टळते, याचा खुलासा निविदेसोबत जाहीर होणे आवश्यक आहे. तो न झाल्यास बचत कागदावर दिसेल आणि नुकसान तळमजल्यावरच्या रहिवाशांच्या घरात.