राजोडीतलं बिल, आकाशातला बिछाना

वसई पट्ट्यातल्या राजोडीच्या किनाऱ्यालगत एका उपाहारगृहात, सुरूच्या झाडांखाली चौघांचं जेवण झालं. सुरमई थाळ्या, वर बोंबील फ्राय. बिल आलं २,४०० रुपये. तुम्ही क्रेडिट कार्ड मशीनवर टेकवलं. रक्कम ५,००० रुपयांच्या आतली, म्हणून पिनही मागितला नाही. मशीन वाजलं, पावती निघाली, बडीशेप खात तुम्ही समुद्राकडे वळलात.

या तीन-चार सेकंदांत काय काय घडून गेलं?

ज्या बँकेनं मालकाला मशीन दिलं, तिच्याकडे निरोप गेला. तिनं तो व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यात टाकला. जाळ्यानं तुमचं कार्ड कोणत्या बँकेचं आहे ते ओळखून तिला विचारलं, ‘ही व्यक्ती २,४०० रुपये खर्च करते आहे, चालेल?’ तिनं तुमची मर्यादा पाहिली, व्यवहार संशयास्पद नाही ना ते तपासलं आणि होकार त्याच वाटेनं उलटा राजोडीपर्यंत आला. या होकाराच्या पोटातच विमानाच्या तिकिटाचा एक बारीकसा तुकडा तुमच्या नावावर जमा व्हायची सोय झालेली असते. हे क्रेडिट कार्डाचे पॉइंट. काही माणसं याच तुकड्यांची रास करून बिझनेस क्लासमध्ये आडवी झोपून परदेशी जातात.

गंमत अशी की तुम्ही काय खाल्लंत, हे बँकेला ठाऊक नसतं. तिला सुरमई दिसत नाही, बोंबील दिसत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतात ती दुकानाचं नाव, रक्कम आणि चार आकडे. जगात कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला असा चार आकडी संकेतांक असतो. उपाहारगृह ५८१२, किराणा ५४११, सराफ ५९४४, शाळा ८२११. तेच जेवण तुम्ही मुक्कामाच्या हॉटेलच्या मशीनवर चुकतं केलंत, तर ते ७०११ म्हणून नोंदलं जाऊ शकतं. या चार आकड्यांवरून ठरतं की पॉइंट साधे मिळणार, जास्त मिळणार की मुळीच नाही. पेट्रोल आणि घरभाड्यावर बऱ्याच कार्डांना पॉइंट मिळत नाहीत, ते याच आकड्यांच्या चाळणीमुळे.

आता हिशोब करू, कारण खरं आश्चर्य हिशोबात आहे.

एचडीएफसी बँकेचं इन्फिनिया हे कार्ड घ्या. ते बँकेच्या आमंत्रणावरच मिळतं आणि वर्षाची फी १२,५०० रुपये अधिक जीएसटी. त्यावर दर १५० रुपयांमागे ५ पॉइंट, हा त्याचा गेल्या काही वर्षांतला परिचित दर. म्हणजे २,४०० रुपयांवर ८० पॉइंट. बँकेच्या पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल घेतलंत तर एका पॉइंटचा एक रुपया. जेवणामागे ८० रुपये परत!

आणि बँकेला काय मिळालं? उपाहारगृहाच्या मालकाच्या हातात पूर्ण २,४०० पडतच नाहीत. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर त्याचं मशीन शुल्क कापतं. ते समजा दोन टक्के धरलं, तर ४८ रुपये. त्यातला मोठा वाटा तुमच्या बँकेचा, उरलेला मशीनवाल्या बँकेचा आणि जाळ्याचा. (याच टेबलावर तुम्ही क्यूआर स्कॅन करून थेट खात्यातून यूपीआयनं पैसे दिले असते, तर मालकाला हे शुल्क पडलं नसतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर ते शून्य आहे. म्हणून तर खात्यातून केलेल्या यूपीआयवर असे भरघोस पॉइंट कुणी देत नाही.)

४८ रुपयांतून ८० रुपये कसे निघाले? तेही ४८ मधला फक्त काही भाग बँकेचा असताना?

पहिलं उत्तर साधं आहे. सगळे जण ८० रुपये काढून घेत नाहीत. त्याच इन्फिनियाचे पॉइंट बिलातून वळते करून घेतले, तर एका पॉइंटचे फक्त ३० पैसे. ८० पॉइंटांचे २४ रुपये. वस्तू किंवा व्हाउचर घेतलं तर ५० पैशांपर्यंत. कित्येक जण तर पॉइंट वापरतच नाहीत. मुदत संपते आणि ते हवेत विरतात. न वापरल्या जाणाऱ्या पॉइंटांचा अंदाज हा या धंद्यात नीट बांधलेला हिशोब असतो.

दुसरं उत्तर मला अस्वस्थ करतं. कार्डाचं पूर्ण बिल न भरता ‘मिनिमम ड्यू’ भरून पुढे ढकलणाऱ्यांना बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लागतं. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. एका पॉइंटचा एक रुपया धरला, तरी वरच्या कार्डाची परतफेड १५० ला ५, म्हणजे ३.३३ टक्के. अशा व्याजात एका महिन्याच्या थकबाकीतच त्या व्यवहाराचे सगळे पॉइंट खलास, आणि दुसऱ्या महिन्यापासून खिशातून जायला लागतात. बँकेच्या तिजोरीत सर्व कार्डांची कमाई एकत्रच पडते. बिल वेळेवर भरणाऱ्याच्या बिछान्याला कुणाच्या तरी थकलेल्या हप्त्याचा हातभार लागलेला असतो. हे माहीत असावं.

तिसरं उत्तर मात्र थक्क करणारं आहे. ते कळायला संध्याकाळच्या मासळीबाजारात जावं लागेल.

सकाळी ताजी मासळी घेऊन बसलेली मावशी भावात हटत नाही. दिवे लागल्यावर पाटीत चार पापलेटं उरली, की तीच मावशी ओळखीच्या गिऱ्हाइकाला हळूच हाक मारते. उद्यापर्यंत ती टिकायची नाहीत, आज येईल तो पैसा आपला. पण ही हाक ती सकाळी मारणार नाही आणि मोठ्यानं तर मुळीच नाही. तसं केलं तर पुऱ्या भावानं घेणारं गिऱ्हाईकही संध्याकाळची वाट बघत बसेल.

विमानाची खुर्ची पापलेटापेक्षाही नाशवंत. दार बंद झालं, विमान धावपट्टीकडे वळलं, की रिकाम्या खुर्चीची किंमत त्या क्षणी शून्य. ती भरायला कंपनीला फारसा जादा खर्च येत नाही: थोडं इंधन, एक जेवण, एक उशी-पांघरूण. तिचा भाव मात्र लाखाच्या घरात. मग ती स्वस्तात द्यायची कशी, तेही पूर्ण भावानं घेणाऱ्या कंपन्यांना आणि धनिकांना न कळता? विमान कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वेगळं चलन. रुपयांत भाव तोच ठेवायचा आणि उरण्याची शक्यता असलेल्या खुर्च्या गुपचूप माइल्समध्ये विकायच्या.

तो गुपचूपपणा कसा चालतो, तेही बघण्यासारखं आहे. बिझनेस क्लासमध्ये तुम्हाला सगळ्या खुर्च्या सारख्या दिसतात. कंपनीच्या संगणकाला त्या तशा दिसत नाहीत. त्याच्या लेखी त्यांचे अक्षरांनुसार गट असतात: जे, सी, डी, झेड. प्रत्येक अक्षराचा भाव वेगळा, नियम वेगळे. पॉइंटवाल्यांसाठी निराळं अक्षर. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या बहुतेक कंपन्यांत बिझनेस क्लासला ते ‘आय’ असतं. संगणक मागचं बुकिंग पाहून रोज ठरवतो, अमुक दिवशीच्या विमानात ‘आय’च्या खुर्च्या दोन की शून्य. म्हणून सोमवारी दिसलेली जागा मंगळवारी गायब होते आणि उड्डाणाच्या चार दिवस आधी पुन्हा उगवते. खुर्ची तिथेच असते. बदलतं ते फक्त तिचं अक्षर.

हे सगळं सुरू कुठून झालं? १९७८ साली अमेरिकेनं विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि कंपन्यांत गिऱ्हाइकांसाठी झोंबाझोंबी लागली. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक कोण, हेच अमेरिकन एअरलाइन्सला माहीत नव्हतं. त्यांनी बुकिंगच्या संगणकात पुन्हापुन्हा येणारे फोन नंबर शोधले आणि त्या माणसांना पहिले सभासद करून घेतलं. १ मे १९८१ रोजी ‘अॅडव्हांटेज’ योजना सुरू झाली. उडा, मैल जमवा, फुकट उडा. आणि १९८७ मध्ये सिटीबँकेच्या कार्डाशी ती जोडली गेली. आता मैल जमवायला विमानात बसायचीही गरज उरली नाही!

पैशांची वाहण्याची दिशा इथे उलटली. बँक विमान कंपनीकडून माइल्स घाऊक भावानं विकत घेते आणि तुम्हाला वाटते. कंपनीला रोख रक्कम आज मिळते, खुर्ची द्यायची ती पुढे कधीतरी, तीही उरलेली. करोनात, २०२० च्या जूनमध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेड एअरलाइन्सनं कर्जासाठी तारण ठेवली ती आपली माइल्सची योजना. तिचं मूल्य कंपनीनं मांडलं सुमारे २२ अब्ज डॉलर. शेअर बाजारात त्या वेळी विमानांसकट सबंध युनायटेडची किंमत याच्या निम्म्याच्या आसपास होती. कर्ज बाजूला ठेवून नुसते हे दोन आकडे पाहिले, तर विमानं उडवण्याच्या धंद्याला शून्याहून कमी मोल!

इतक्या लांब जायला नको. आपल्या मुंबईतल्या जेट एअरवेजचं उदाहरण आहे. तिची जेटप्रिव्हिलेज योजना २०१४ मध्ये वेगळ्या कंपनीत घातली गेली आणि एतिहाद या विमान कंपनीनं त्यातला ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरना घेतला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. हजारो माणसांची नोकरी गेली. विमानतळावर काम करणारी घरं वसई-विरारमध्ये कमी नाहीत, त्यांना ते दिवस आठवत असतील. विमानं थांबली, पण पॉइंट थांबले नाहीत. त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ हे नवं नाव घेऊन योजना चालू राहिली. मूळ धंदा गेला आणि त्याच्या बक्षिसाची योजना मागे उरली, असं दुसऱ्या कोणत्या व्यवसायात पाहिलं आहे?

आता तुमच्या ८० पॉइंटांकडे येऊ. ते बँकेच्या पोर्टलवर खर्च न करता विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. समजा एका पॉइंटचा एक माइल होतो, बिझनेस क्लासचं तिकीट ९०,००० रुपयांना आहे आणि तीच जागा ४५,००० माइल्सना मिळते आहे. कर आणि अधिभार वेगळे भरायचे. म्हणजे एका माइलचे दोन रुपयांच्या आसपास झाले. बिलात वळता केला तर ३० पैसे देणारा तोच पॉइंट! पॉइंट बदललेला नाही. तो मावशीच्या संध्याकाळच्या पाटीपर्यंत पोहोचला, एवढंच.

पण ४५,००० पॉइंट म्हणजे वरच्या दरानं साडेतेरा लाखांचा खर्च. नुसत्या थाळ्या खाऊन ते होत नाही आणि त्यासाठी मुद्दाम खर्च करणं तर पार तोट्याचं. ज्यांचं जमतं, त्यांच्याकडे लग्नाचा हॉल, कॅटरिंग, विम्याचे हप्ते, मुलांची फी असा होणारच असलेला खर्च असतो, तो कार्डावर पूर्ण पॉइंट देणारा आहे ना हे त्यांनी पाहिलेलं असतं आणि बिल शेवटच्या तारखेआधी पूर्ण भरायची ऐपत असते. बँकेच्या पोर्टलवरून घेतलेल्या हॉटेल-तिकिटांवर पॉइंट कित्येक पटींनी मिळतात, तिथे वाट बरीच लहान होते.

आणि मिळतं काय? नालासोपाऱ्याहून विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहून वर्षानुवर्षं चर्चगेट गाठणाऱ्या माणसाला पाय लांब करून झोपायला साडेसहा फुटांचा सपाट पलंग, तोही पस्तीस हजार फुटांवर. बिझनेस क्लासमध्ये असा पूर्ण सपाट होणारा बिछाना ब्रिटिश एअरवेजनं २००० साली आणला. त्याआधी बिझनेस क्लासचे भरपूर पैसे मोजूनही माणूस कललेल्या खुर्चीतच अवघडून झोपत होता.

एक गोष्ट लक्षात घ्या. या चलनाला रिझर्व्ह बँक नाही. कोणत्या खुर्चीला किती माइल्स, हे कंपनी ठरवते आणि हवं तेव्हा वाढवते. पॉइंटांवर व्याज मिळत नाही, त्यांचं मोल घटत मात्र जातं. वर्षानुवर्षं साठवून ठेवलेली रास एका सकाळच्या ईमेलनं हलकी होते.

दुसरं म्हणजे, बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. त्यामुळे जाणकार आधी जागा शोधतात, ती दिसली की मगच पॉइंट वळवतात, तेही काही बँकांकडून पोहोचायला दिवस लागतात हे धरून. शोधायचं ते एकाच कंपनीत नाही. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिचे पॉइंट लुफ्थान्साच्या खुर्चीवरही चालू शकतात आणि सिंगापूर एअरलाइन्सचे एअर इंडियाच्या.

सिंगापूर एअरलाइन्स आपल्या जागा ३५५ दिवस आधी खुल्या करते. वसई पट्ट्यातल्या कित्येक घरांत कुणी ना कुणी सातासमुद्रापार असतं आणि नाताळला घरं भरतात. २० डिसेंबरला त्यांच्याकडे जायचं असेल किंवा त्यांना इकडे बोलवायचं असेल, तर त्या विमानाच्या खुर्च्या आदल्या वर्षीच्या ३० डिसेंबरच्या सुमारास यादीत येतात. सरलेल्या नाताळचा कंदील अजून दारावर लटकत असतो, तेव्हाच पुढच्या नाताळच्या तारखा टाकून ‘आय’ शोधायला बसायचं.